फुलचरी, रघूजी आणि दहा बाटल्या



पाँडिचेरीहून परत येऊन दीड महिना झाला. फोटो सगळ्यांना पाठवून झाले, तिथून आणलेली बिस्किटं वाटून संपली, पण लिहायचं ते राहूनच गेलं. परवा पुण्याच्या वन्संचा फोन आला, "काय गं, फ्रान्सला जाऊन आल्यासारखी मिरवत होतीस, मग लिहिलं का नाहीस अजून?" म्हणून आज बसलेच.

आधीच सांगते, हे प्रवासवर्णन नाही. कुठे उतरलो, कुठे काय स्वस्त मिळतं, ते आमचे चिरंजीव जास्त चांगलं सांगतील. मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यामुळे नवं गाव बघताना माझं निम्मं लक्ष त्याच्या मागच्या गोष्टीकडे असतं. पाँडिचेरीच्या मागे तर आपल्या घरातलीच गोष्ट निघाली. जुन्या मराठी कागदांत या गावाचं नाव येतं ते 'फुलचरी' असं. किती गोड नाव! २००६ पासून अधिकृत नाव पुदुच्चेरी झालं आहे, पण माझ्यापुरती ती आता फुलचरीच.

गाव कसं आहे ते थोडक्यात सांगते. समुद्राला समांतर आणि त्यांना काटकोनात कापणारे, पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते. मधून एक कालवा जातो. कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला फ्रेंच वस्ती, पलीकडे तमिळ वस्ती. फ्रेंच भागात पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा, उंच फाटकं, लाकडी झडपांच्या खिडक्या आणि भिंतीवरून ओसंडणारी बोगनवेल. रस्त्यांच्या पाट्या अजून 'रू' अमुक, 'रू' तमुक. तमिळ भागात गेल्यावर मात्र मला जुन्या उरणची आठवण झाली. रस्त्याला लागून ओटा (ते त्याला तिण्णै म्हणतात), त्यावर लाकडी खांबांवर उतरतं कौलारू छप्पर, आत मोकळा चौक. आपली ओटी-पडवीच की ही! भाषा वेगळी, पण ऊन-पावसाला माणसाने काढलेली तोड सारखीच.

खाण्याचं विचाराल तर सकाळी भट्टीतून निघालेले लांब कडक पाव आमच्या नातवाने रोज खाल्ले. मला रस होता तो तिथल्या फ्रेंच-तमिळ घरांतल्या स्वयंपाकात. तमिळ बायका कांदा, लसूण, डाळ, मसाला एकत्र करून गोळे उन्हात वाळवतात, त्याला वडगम म्हणतात. आपल्या सांडग्यांची बहीणच म्हणा. फ्रेंचांना ते आवडलं, त्यांनी त्यातली मिरची कमी केली, नाव केलं 'वादुवाँ', आणि आज तो मसाला फ्रान्समधल्या स्वयंपाकघरात पोचला आहे. तसंच 'विंदाय'. गोव्यात विंदालू, आपल्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत इंद्याल, आणि तिथे विंदाय. मूळ पोर्तुगीज पदार्थ एकच, व्हिनेगर आणि लसणातलं मांस. ज्या बंदरावर जहाज लागलं तिथलं पाणी प्यायला आणि तिथलाच झाला. मासळी मात्र आपलीच हो. सुरमईला तिथे वंजिरम म्हणतात, आणि बाजारात बसलेल्या बायकांचा आवाज करंज्याच्या बंदरावरच्या आमच्या कोळणींना शोभेल असा!

असो. आता मूळ गोष्ट.

फ्रेंच भागात 'रू द्यूमा' नावाचा रस्ता आहे. बन्वा ड्यूमा हा इथला एक गव्हर्नर, डुप्लेच्या आधीचा. आमच्या शाळेच्या पुस्तकांत डुप्ले असायचा, ड्यूमा नसायचा. आमच्याबरोबर दहा-बारा प्रवाशांना घेऊन हिंडणारा एक तरुण वाटाड्या होता. त्याने या रस्त्यावर उभं राहून रंगवून गोष्ट सांगितली. १७४१ साली रघूजी भोसल्यांची प्रचंड फौज पाँडिचेरीवर येणार होती. ड्यूमाने त्यांच्या वकिलाबरोबर फ्रान्सच्या नांत शहरातल्या गोड मद्याच्या दहा बाटल्या भेट म्हणून पाठवल्या. रघूजींनी त्या घरच्या बाईला दिल्या. तिला ते मद्य इतकं आवडलं की आणखी हवंच म्हणून तिने हट्ट धरला. ड्यूमाने आणखी तीस बाटल्या पाठवल्या, आणि मराठे माघारी गेले! सगळे हसले. आमचा नातू नववीत आहे. त्याने हळूच विचारलं, "आजी, खरं का गं हे? बाटल्यांसाठी गाव सोडलं आपण?"

उरणच्या माणसाला बाटलीचं नवल नाही. एकोणिसाव्या शतकात इथे मोहाच्या दारूच्या कितीतरी भट्ट्या होत्या आणि मुंबईची तहान त्यांतून भागवली जात असे. पण नातवाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वाटाड्याने गोष्ट मनाची सांगितलेली नाही. कर्नल मॅलेसन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८६८ साली हिंदुस्थानातल्या फ्रेंचांचा इतिहास लिहिला, त्यात ती आहे. छापलेलं आहे म्हटल्यावर मुलांना ते खरंच वाटणार.

म्हणून आधी फुलचरी आणि मराठे यांचं नातं नीट सांगते, मग बाटल्यांकडे येऊ.

फ्रेंच इथे आले ते विजापूरकरांचा सरदार शेरखान लोदी याच्या परवानगीने, १६७३ साली. पुढच्या वर्षापासून फ्रान्स्वा मार्टिन याने वसाहत सांभाळली. तेव्हा ते शहर वगैरे काही नव्हतं, समुद्रकाठचं लहानसं खेडं. मूठभर फ्रेंच आणि एक वखार. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला आले, जिंजी घेतली आणि शेरखानाचा पराभव केला. ज्याच्या आश्रयाने राहायचं तोच गेला, म्हटल्यावर मार्टिन घाबरला. त्याने जेर्मां नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठवला. महाराजांनी फ्रेंचांना राहू दिलं. अट एवढीच की त्यांनी लढाईत कोणाची बाजू घेऊ नये.

मार्टिनने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. जेर्मांने पाहिलेल्या छावणीचं वर्णन त्यांत आहे. डामडौल नाही, छावणीत बायका नाहीत, तंबू दोनच, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहान, एक महाराजांचा आणि एक प्रधानाचा. मुलांना मी ते नेहमी सांगत असे, कारण सांगणारा परका आहे आणि त्याला स्तुती करून काही मिळायचं नव्हतं.

तर फुलचरी पहिल्यांदा टिकली ती महाराजांच्या शब्दावर. १६८९ च्या अखेरीस छत्रपती राजाराम जिंजीला पोचले. जिंजी इथून सत्तर किलोमीटरच्या आसपास. तिथून आठ वर्षं मराठी राज्य चाललं. त्याच काळात, १६९३ साली, डचांनी फ्रेंचांकडून फुलचरी घेतली आणि राजाराम महाराजांना पैसे देऊन गावावरचे हक्कही मिळवले. फ्रेंचांना गाव परत मिळालं ते १६९९ साली. ज्या सरळ रस्त्यांचं आपण फ्रेंच म्हणून कौतुक करतो, त्या आखणीचं श्रेय या मधल्या डचांना दिलं जातं. समुद्रकाठी गांधीजींचा उंच पुतळा आहे. त्याच्याभोवतीचे कोरीव दगडी खांब जिंजीहून आणलेले आहेत, असं सांगतात. लोक त्या खांबांना टेकून फोटो काढतात. मी आपली हात लावून आले.

आता १७४० साल. अर्काटचा नवाब दोस्तअली आणि त्याचा जावई चंदासाहेब यांनी तंजावरच्या मराठी राजाला जेरीस आणलं होतं. शाहू महाराजांनी रघूजी आणि फत्तेसिंह भोसले यांना मोठी फौज देऊन कर्नाटकात पाठवलं. मे महिन्यात दामलचेरीच्या खिंडीत दोस्तअली मारला गेला. त्याची विधवा, चंदासाहेबाची बायको, मुलं, दागदागिने, हत्ती-घोडे, सगळं फुलचरीच्या वेशीशी आलं आणि आत घ्या म्हणून विनवू लागलं. ड्यूमाने दार उघडलं.

रघूजींनी त्रिचनापल्लीला वेढा घातला. मार्च १७४१ मध्ये ती पडली आणि चंदासाहेब कैद झाला. इकडे ड्यूमाकडे पत्रं चालूच होती. खंडणी द्या, चंदासाहेबाची बायको-मुलगा आणि त्याची दौलत स्वाधीन करा. ड्यूमाने नकार दिला. आमच्या देशात सोनं-चांदी निघत नाही, लोखंड निघतं आणि ते वापरणारे शिपाई निपजतात, अशा आशयाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. तटबंदी दुरुस्त केली, धान्य भरलं, माणसं हत्यारबंद केली. रघूजींचा वकील आला, त्याला हे सगळं फिरवून दाखवलं. आणि निघताना त्याच्याबरोबर त्या बाटल्या दिल्या.

मी मुलांना शिकवायची की कुठलीही चटकदार गोष्ट समोर आली की तिला चार प्रश्न विचारावेत. कोण सांगतो? कधी सांगतो? ती कोणाच्या सोयीची आहे? आणि तिच्याशिवाय भागतं का?

पहिल्या तिन्हींची उत्तरं पटकन मिळतात. गोष्ट आली आहे ती फ्रेंच बाजूने. मॅलेसन सव्वाशे वर्षांनी लिहितो आहे. आणि एवढी मोठी फौज दहा बाटल्यांत परतवली, ही ज्याने परतवली त्याच्या सोयीची गोष्ट आहे. पण एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. खरी परीक्षा चौथ्या प्रश्नाची. बाटल्या बाजूला ठेवल्या तर रघूजी परत का गेले ते समजतं का?

मला वाटतं, चांगलं समजतं. ज्या कामासाठी आले ते झालं होतं. दोस्तअली मेला, त्याचा मुलगा सफदरअली याने खंडणी कबूल केली, त्रिचनापल्ली हाती आली, तिथे मुरारराव घोरपड्यांना ठेवलं आणि चंदासाहेबाला कैदी म्हणून बरोबर घेतलं. दुसरं कारण समुद्र. तोफा चढवलेल्या आणि समुद्रातून रसद मिळणाऱ्या किल्ल्यासमोर घोडदळ काय करणार? रायगड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, मुरूडला जाऊन जंजिऱ्याकडे बघितलं की पुरे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली खरी, पण ती किती माणसं गमावून घेतली, हे रघूजींना ठाऊक असणारच. आणि मराठ्यांचं आरमार, आंग्र्यांचं, ते या किनाऱ्यावर. तिकडे पूर्वेला आपलं एक गलबतही नव्हतं. तिसरं म्हणजे एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. पेशवाई कोणाकडे, या राजकारणात रघूजींचं लक्ष साताऱ्याकडे गुंतलं. आणि १७४२ साली त्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. फुलचरीच्या तटाशी डोकं आपटत बसायला वेळ कोणाला होता?

तेव्हा बाटल्या गेल्याच नसतील असं मी म्हणत नाही. दोन दरबारांत भेटी जात-येत असत, वकिलाला मोकळ्या हाताने कोणी पाठवत नसे. पण नजराणा वेगळा आणि कारण वेगळं.

मग ही बाटल्यांची गोष्टच का टिकली? मला खटकलं ते इथे. त्या गोष्टीतल्या बाईला नाव नाही. कोणी तिला रघूजींची पत्नी म्हणतं, कोणी नाटकशाळा. जिचं नाव-गाव माहीत नाही, तिची आवड मात्र सगळ्यांना पक्की माहीत! राजकारणाचा निकाल बाईच्या हट्टावर लावून टाकायची आपल्याला जुनी सवय आहे. रामायणातला वनवास म्हटलं की कैकेयी. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावांना, पण 'ध चा मा' म्हटलं की लोकांच्या तोंडी येतात आनंदीबाई. शाळेत नाटुकल्यात आनंदीबाईचं काम करायला कुठली मुलगी तयार होत नसे, आणि रघुनाथराव व्हायला चार-चार मुलगे हात वर करायचे. हे मी कितीतरी वर्षं पाहिलं आहे.

आणि गंमत बघा, या प्रकरणात खऱ्याखुऱ्या बायका होत्या. नवऱ्याचं प्रेत रणात सोडून मुलाबाळांसह वेशीशी आलेली एक विधवा, आणि नवरा कैदेत गेलेली दुसरी. आश्रय दिलेल्यांना स्वाधीन करायचं नाही, म्हणून एका गव्हर्नराने सगळं गाव पणाला लावलं. गोष्ट सांगायची तर ही आहे. आता ड्यूमा काही संत नव्हता. चंदासाहेबाच्या कुटुंबाचा पाहुणचार फ्रेंचांना पुढे उपयोगी पडणार होता आणि पडलाही. १७४८ च्या सुमारास तो मराठ्यांच्या कैदेतून सुटला, डुप्लेने त्याला हाताशी धरलं, १७४९ च्या अंबूरच्या लढाईनंतर नवाब केलं. १७५२ मध्ये तंजावरच्या सेनापतीने त्याला मारलं. माणसाचे हेतू मिसळलेलेच असतात. पण दार उघडलं हे खरं, आणि शब्द मोडला नाही हेही खरं.

आम्ही गेलो तेव्हा तिकडे पोंगल होता. दारोदार तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, कोपऱ्याकोपऱ्यावर उसाच्या मोळ्या. आपल्याकडे संक्रांत. आणि मला तारखा आठवत होत्या. १७६१ सालची १४ जानेवारी, पानिपत. त्याच्या दोनच दिवस आधी, १२ जानेवारीला, फुलचरीत आनंदरंग पिळ्ळै वारले. हे डुप्लेचे दुभाषी. १७३६ पासून त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली, आणि तो त्या काळाचा मोठा आरसा आहे. आणि पानिपतच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, इंग्रजांच्या वेढ्यात उपाशी पडलेल्या फुलचरीने शरणागती पत्करली. १६ तारखेला इंग्रज आत शिरले आणि नंतर त्यांनी गाव पाडून टाकलं. दोन दिवसांत, हजारो मैलांवर नसलं तरी देशाच्या दोन टोकांना, इंग्रजांच्या वाटेतले दोन मोठे अडसर ढिले झाले. शाळेच्या पुस्तकात ही दोन प्रकरणं निरनिराळ्या पानांवर असतात, म्हणून आपल्याला ती कधी शेजारी दिसत नाहीत.

म्हणजे आज आपण फोटो काढतो ती घरं ड्यूमाच्या वेळची नाहीत. १७६५ मध्ये फ्रेंच परतले आणि जुन्याच रस्त्यांच्या आखणीवर त्यांनी गाव पुन्हा उभं केलं. राजनिवासाची इमारत त्यानंतरच्या काही वर्षांतली, दीपस्तंभ १८३६ चा. फ्रेंच गेले ते १ नोव्हेंबर १९५४ ला, आणि कायद्याने हस्तांतर पुरं झालं १९६२ मध्ये.

इंग्रजांनी ती संधी सोडली नाही, हे मात्र मनात राहिलं. रघूजींना खंडणी हवी होती, बंदर नको होतं. आपल्या बहुतेक सरदारांचं तसंच. किनारा समुद्रावरून आलेल्यांकडे राहिला. लांब कशाला जायचं? आमचं उरण, म्हणजे तेव्हाचं करंजा बेट. पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं, १७७४ साली इंग्रजांनी घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर ते त्यांच्याकडेच राहिलं. पुण्याच्या दरबारात बेटाचं महत्त्व कोणाला किती वाटलं असेल? समोर मुंबई बंदर वाढत होतं, आणि त्याच्या दारातलं बेट कागदावरच्या एका ओळीत गेलं. आज इथे न्हावा-शेव्याला प्रचंड मोठी जहाजं लागतात, तेव्हा त्या ओळीची किंमत कळते.

नातवाला मी शेवटी एवढंच सांगितलं, "बाटल्या असतील रे, पण त्यांच्यासाठी गाव नाही सोडलं. आपल्याला ते घ्यायचंच नव्हतं, आणि तो प्रश्न बाटल्यांपेक्षा मोठा आहे." त्याला किती समजलं कोण जाणे. पण संध्याकाळी तो मला विचारत होता की पूर्वेला आरमार का नव्हतं. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला.

तुम्ही पाँडिचेरीला जाल तेव्हा पाव जरूर खा, विंदाय खा, कालव्याच्या दोन्ही बाजूंनी हिंडा. रू द्यूमावर कोणी दहा बाटल्यांची गोष्ट सांगितली तर हसायलाही हरकत नाही, गोष्ट रंगतदार आहेच. फक्त बरोबर मुलं असतील तर त्यांना वेशीशी आलेल्या त्या दोन बायकांची गोष्टही सांगा. आणि जिंजी तिथून जवळ आहे, एक दिवस जास्त काढून तीही बघून या.